किरणांची भीती

अण्णासाहेब हे नाव ऐकून सत्यशीलेनं मनात एक म्हातारा उभा केला होता — टक्कल, जाड चष्मा, कानावर केस. जालन्याच्या कॉलेजात, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत ती मुंबईच्या अर्जावर सही घ्यायला गेली, तर स्टुलावर पंचविशीचा, सावळा, हसऱ्या डोळ्यांचा तरुण बसलेला.

“अण्णासाहेब सर कुठं भेटतील?”

“तुमच्यासमोरच बसून राह्यलेत ना…”

ती अशी काही हसली, की सही राहिली बाजूला.

अर्ज होता अणुवैद्यक शिकायचा. किरणोत्सारी औषध पेशंटला पाजायचं आणि यंत्रावर आतला रोग पाहायचा, अशी ती नवलाची विद्या. तिच्या गावात, अंतरवाली सराटीत, ती कुणाच्या डोक्यात शिरेना. ‘तातेरावाची पोरगी आता बॉम्ब करणार,’ अशी चौकात चेष्टा चाले. पण अण्णासाहेबांनी कंबर कसली आणि प्रवेशपरीक्षेची सगळी तयारी तिच्याकडून करून घेतली.

“किरणांपासून वाचायचं कसं?” ते विचारत.

“कमी वेळ थांबायचं, लांब उभं राह्यचं, मधी शिसं ठेवायचं.”

“आन् माझ्यापासून?”

“तुमच्यापुढं शिसं चालत न्हाई, सर…” बोलून गेली, आणि मग कानापर्यंत लाल झाली.

दोन्ही घरी त्या दोघांच्या लग्नाचं ठरत आलं. तेवढ्यात, आषाढात, मुंबईचं पत्र आलं — निवड झाली! आणि त्याच आठवड्यात अण्णासाहेबांच्या आईनं, केशरबाईंनी, बोलणी मोडली. म्हणाल्या, “किरणाजवळ काम करणाऱ्या बाईची कूस उजवत न्हाई.”

बसस्टँडवर भुरभुर पाऊस होता. तिच्या गावाकडची अंबडची गाडी लागलेली. सत्यशीला अण्णासाहेबांना गाठून म्हणाली, “सर, काळजी घेतली तर काही होत न्हाई, हे तुम्हीच शिकवलं ना? मंग आईला सांगा की.”

ते चपलेनं चिखल उकरत राहिले.

“सत्यशीला… समज, खरंच काही झालं तर?”

क्षणभर तिला वाटलं, आईचंच बोलणं सांगतायत. पण नाही, प्रश्न त्यांचा स्वतःचा होता. केशरबाईंवर तिचा राग नव्हता. त्या बिचाऱ्यांनी कुठं पुस्तक वाचलं होतं!

“माझा जीव आहे तुझ्यावर,” ते घाईनं म्हणाले. “बिलकुल खोटं न्हाई. मुंबई सोड, मी आजच घरी बोलतो.”

“सोडायलाच आल्ते.” तिनं पिशवीतून पत्र काढलं. “हे तुमच्यासमोर फाडायचं म्हणून आणलं. तुम्ही फक्त एकदा म्हणायचं होतं, काही होत न्हाई म्हणून…”

त्यांनी पत्राकडं पाहिलं, मग गाडीच्या पाटीकडं. कंडक्टरनं हाक मारली. ती चढली, खिडकीशी बसली. खालून त्यांनी हात वर केला — तिला तो धरवेना.

अंबड येईपर्यंत ती रडली, बायाबापड्यांच्या देखत, तोंड न झाकता. पत्र मांडीवर तसंच होतं. आता ती मुंबईला जाणार होती, कारण ज्याच्यासाठी थांबावं असं मागं कुणी उरलं नव्हतं.