केशरचं पथ्य

"सापासाठी काही शाकाहारी मिळेल का?"

शुभ्रानं हे हिंदीत विचारलं, तसं काउंटरमागच्या मल्याळी दुकानदारानं हातातलं मांजराच्या खाण्याचं पोतं खाली ठेवलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं. शारजाच्या रोल्ला भागातलं ते पाळीव प्राण्यांचं दुकान शनिवारच्या गर्दीनं गजबजलेलं होतं. पोपटांच्या कलकलाटातही तिच्या मागे कुणीतरी हसू दाबल्याचं तिला ऐकू आलं. दाबलं कसलं, ते निसटलंच होतं.

ती वळली. उंच, सावळा, सशाच्या सुक्या गवताची पिशवी छातीशी धरलेला एक तरुण तिच्याकडे ओशाळून बघत होता.

"माफ करा," तो मराठीत म्हणाला. "तुमच्या हिंदीवरून वाटलं, मराठी असाल."

"माझी हिंदी इतकी वाईट आहे?"

"सापाला पनीर विचारण्याइतकी नाही."

शुभ्राचा चेहरा पडला. कारण पनीर तिनं खरंच देऊन पाहिलं होतं.

मग दुकानाबाहेर, कडक चहाचे कागदी पेले हातात घेऊन, तिनं त्याला सगळी हकीकत सांगितली. दुबईत सिलिकॉन ओएसिसमधल्या फ्लॅटमध्ये नौशीन तिच्यासोबत राहायची. वडिलांच्या ऑपरेशनसाठी नौशीनला घाईघाईनं हैदराबादला जावं लागलं, आणि तिची लाडकी केशर शुभ्राच्या गळ्यात पडली. केशर म्हणजे चार फूट लांबीची, तांबूस-केशरी रंगाची, बिनविषारी कॉर्न स्नेक. फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी गोठवलेल्या उंदरांचा डबा होता. शुभ्राच्या आईवडिलांच्या घरात अंडंही येत नसे. तिनं डोळे मिटून एकदा एक उंदीर लांबूनच आत टाकला, तो केशरनं हुंगलासुद्धा नाही. मग उकडलेलं अंडं झालं, पनीर झालं. तीन आठवडे झाले, केशरनं काही म्हणता काही खाल्लं नव्हतं.

"नौशीनला मी काय तोंड दाखवू?" असं म्हणताना तिचा आवाज कापला. तेव्हा तो हसायचा थांबला. त्यानं आपलं नाव सांगितलं, वरद खांबेटे. शारजातल्या एका दवाखान्यात तो जनावरांचा डॉक्टर होता. उद्या येऊन बघतो, असं तो म्हणाला.

तो आला. केशरला त्यानं दोन्ही हातांवर असं अलगद घेतलं की शुभ्रा काचेची पेटी विसरून त्याचे हातच बघत राहिली. केशर त्याच्या मनगटावरून सावकाश सरकली, आणि त्यानं निदान सांगितलं. ही उपाशी नाही, ही लठ्ठ आहे. नौशीन प्रेमापोटी दर आठवड्याला दोन मोठे उंदीर देत असणार. शेपटीच्या वर चक्क वळ्या पडल्या होत्या. तीन आठवड्यांचा उपास तिला मानवलाच होता.

मग त्यानं पथ्य लिहून फ्रीजवर चिकटवलं. पंधरा दिवसांतून एकदाच, एकच उंदीर, तोही केशरच्या अंगाच्या जाडीपेक्षा मोठा नाही. आधी फ्रीजमध्ये हळूहळू वितळू द्यायचा, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवायचा. गार उंदीर तिला अन्न वाटतच नाही, दगड वाटतो. मायक्रोवेव्हमध्ये घालायचा नाही, ही ओळ त्यानं दोनदा अधोरेखित केली.

पहिल्या वेळी शुभ्रानं लांब चिमटा धरला आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"हे पाप मला लागेल ना?" तिनं तसंच विचारलं.

वरदनं तिची थट्टा केली नाही. "तुम्हाला खायचं नाहीये," तो शांतपणे म्हणाला. "तिला खायचंय. तिचं पोट ज्यासाठी बनलंय, तेच तिला द्यायचं. आपल्याला आवडतं ते नाही."

आणि त्यानं तिचं मनगट खालून आधार देऊन धरलं. चिमट्याला एकदम हिसका बसला. केशरनं घास पकडला होता. शुभ्रानं डोळे उघडले... वरदचा हात अजून तिथेच होता. तो काढायचं दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

त्यानंतर दर दुसऱ्या शनिवारी तो येऊ लागला. शारजा-दुबई रस्त्यावरची वाहनांची ती कुप्रसिद्ध रांग ओलांडून दीड दीड तासानं पोहोचायचा, केशरचं वजन करायचा, आणि मग तिथून निघायला त्याला त्याहून जास्त वेळ लागायचा. पोहे व्हायचे, चहा व्हायचा. बाल्कनीतून समोरच्या टॉवरचे दिवे लागताना बघत तो दापोलीच्या गोष्टी सांगायचा आणि ती ऑफिसातल्या मॅनेजरच्या नकला करायची. केशर सडसडीत होत चालली होती. शुभ्रा मात्र आरशासमोर जरा जास्त वेळ थांबू लागली होती.

चौथ्या वेळी तिनं सगळं एकटीनं केलं, डोळे उघडे ठेवून. वरद कौतुकानं म्हणाला की आता माझी काही गरज नाही.

हे वाक्य तिला पुढचे दहा दिवस टोचत राहिलं.

पुढच्या खेपेला गुरुवारीच तिनं केशरला खायला घातलं, आणि शुक्रवारी वरदला फोन केला. "ती खात नाहीये हो," असं म्हणाली. तोंडातून कसं गेलं, तिचं तिलाच कळलं नाही. शनिवारी तो धावत आला, येताना रोल्लातून ताजा माल घेऊन. केशर मुळातच हावरट. तिनं तो उंदीरही गट्ट केला. वरद खूश झाला, शुभ्राही खूश झाली, आणि ते दोघं त्या दिवशी खूप हसले.

सोमवारी सकाळी केशरनं सगळं ओकून टाकलं. पेटीच्या कोपऱ्यात ती दोरीसारखी निपचित पडली होती.

वरद दवाखान्यातून थेट आला. केशरला तपासता तपासता त्यानं एकच प्रश्न विचारला, शनिवारच्या आधी तिनं कधी खाल्लं होतं.

शुभ्राला अजूनही खोटं बोलता आलं असतं. तिनं केशरकडे पाहिलं.

"गुरुवारी," ती म्हणाली. "मीच दिलं होतं. तुम्हाला खोटं सांगितलं."

"का?"

"तुम्ही आता येणार नव्हतात... म्हणून."

तो बराच वेळ हात धूत राहिला. "घरचे खोटं बोलले की आमच्या डोळ्यांवर पट्टी बसते," इतकंच म्हणाला. मग त्यानं सूचना दिल्या. दोन आठवडे अन्न नाही, हात लावायचा नाही, पेटी उबदार ठेवायची, ताजं पाणी ठेवायचं. पुन्हा ओकली तर जिवावर बेतेल. आणि तो गेला. पोहे परातीत भिजवलेले तसेच राहिले.

त्यानंतर शुभ्रानं रोज सकाळी त्याला एक खरा निरोप पाठवला. पाणी प्यायली. जागा बदलली. जीभ काढली. पलीकडून एकच शब्द यायचा, "ठीक." त्या एका शब्दासाठी ती दिवसभर फोन उलटापालटा करायची.

शुक्रवारी दुपारी बेल वाजली. दारात वरद उभा होता. हातात बॅग नव्हती, वजनकाटा नव्हता.

"तिला हात लावायचा नाहीये ना अजून?" शुभ्रा घाबरून म्हणाली.

"मी तिला बघायला नाही आलो." तो दारातच उभा राहिला. "त्या शनिवारी मी वजन केलं असतं, तर पोटात उंदीर आहे हे कळलं असतं. काटा गाडीतच राहिला होता. आणायला खाली जायचं सुचलंच नाही. तू 'खात नाही' म्हणालीस, आणि मला आनंद झाला, शुभ्रा. डॉक्टरला आनंद व्हावा असं वाक्य आहे का ते?"

शुभ्राच्या लक्षात आलं की तो पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणाला होता. डोळे भरून आले, तरी तिला हसूच येत होतं.

"मग चूक कुणाची?" तिनं विचारलं.

"दोघांची. म्हणून दोघांनी निस्तरायची."

दोन आठवड्यांतले उरलेले दिवस त्यांनी मिळून काढले. पंधराव्या दिवशी केशरला एक इवलासा उंदीर दिला, आणि पुढचे तीन दिवस दोघंही परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तसे तिच्याकडे बघत राहिले. तिनं तो पचवला. चौथ्या दिवशी ती पेटीच्या काचेशी येऊन मान उंचावून बघत होती, आणि नौशीन व्हिडिओ कॉलवर तिकडून आनंदानं रडत होती.

त्या संध्याकाळी ते दुबईच्या देरा भागातल्या खाडीवर गेले. लाकडी नावेत वारा खारट होता, आणि शुभ्राची ओढणी पुन्हा पुन्हा वरदच्या खांद्यावर येत होती. तिनं ती आवरली नाही.

"पुढच्या वेळी ती खाते की नाही, हे मला कसं कळणार?" वरदनं विचारलं.

"ते विचारायचंच नाही," शुभ्रा त्याच्या हातात हात देत म्हणाली. "तू नुसतं यायचं."