गुलाबी रबर

काहीच तुटलं नव्हतं, आणि माणूस मेला होता.

सुळक्याच्या पायथ्याशी इन्स्पेक्टरबाई कपाळाला हात लावून उभ्या होत्या. स्टुलावर चढायचं म्हटलं तरी ज्यांना घाम फुटे, नेमक्या त्यांच्याच गळ्यात हे प्रकरण पडलं होतं. मेलेल्या गिर्यारोहकाचा दोर शाबूत होता. दोराला अडकवलेली कापडी पट्टीही शाबूत. पट्टीच्या वरच्या टोकाची कॅराबिनर, म्हणजे दाबून उघडायची कडी, वर खडकातल्या बोल्टमध्ये तशीच लटकत होती. पट्टी आणि कडी एकमेकींपासून सुटल्या होत्या, एवढंच. गवतात एक तुटकं गुलाबी रबर पडलं होतं. बाईंनी ते पाकिटात टाकलं.

दुपारी त्या मृताच्या घरी गेल्या. त्याची बायको आणि गिर्यारोहणाचं सामान विकणारा त्याचा भाऊ खोलीच्या दोन टोकांना बसले होते.

"कड्या कुणी निवडल्या?"

"भाऊजींनी," बायको म्हणाली. "यांना वजनाचं खूळ. टूथब्रशचा दांडासुद्धा कापला होता. भाऊजींनी हलक्यातल्या हलक्या कड्या गळ्यात मारल्या. माझा संसार मोडला यांनी."

"हलकी म्हणजे तकलादू नव्हे हो!" दीर रडकुंडीला आला. "त्या कडीला मोटार टांगा. तुटलीय का ती?"

"नाही."

"मग मी काय केलं? सख्खा दादा होता तो माझा."

त्याच्या दुकानाला सकाळीच सील ठोकलं होतं. आता बेड्याच काय त्या पडायच्या राहिल्या होत्या.

"चढताना सामान कोण लावून देतं?" बाईंनी बायकोला विचारलं.

"मीच. खालून दोरही मीच धरते. पहिल्या बोल्टला कडी अडकवून हे थोडे वर गेले, तेवढ्यात दमले. मी म्हटलं, दोरावर टेका, मी धरलंय."

इतक्यात आतून पाच वर्षांची लेक आली. एका वेणीला गुलाबी रबर, दुसरीला लोकरीचा धागा. हातात एक उरलेली नवी कडी.

"उघडून द्या ना. माझ्या बोटांनी दबतच नाही."

बाईंनी उघडून दिली. "कशाला हवी गं?"

"नव्या घरी न्यायला. मी आणि बाबा जाणार आहोत."

"आणि आई?"

"आई इथेच."

"आत जा तू," बायको म्हणाली.

"थांब." बाईंनी पाकीट पुढे धरलं. "हे कुणाचं?"

"माझं!" पोर हरखली. "बाबांच्या कडीला मीच घातलं होतं."

बायकोनं तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! खेळता खेळता हिनंच... भाऊजी, माफ करा हो. हिला काही करू नका, लेकरू आहे."

बाई मुलीपाशी वाकल्या. "तू रबर घालताना पट्टी कुणी धरली होती?"

"आईनं. आम्ही बाबांची गंमत करत होतो."

बाई उभ्या राहिल्या. राग त्यांना लपवता येईना.

"पट्टी कडीत ओवलेली असते. रबर फक्त कडी फिरू नये म्हणून. इथे पट्टी ओवलेलीच नव्हती, नुसत्या रबरानं कडीला बांधली होती. दिसायला ठीकठाक, भार आला की खलास. पण पट्टी बाहेर काढायची तर कडी उघडायला हवी, आणि ती हिच्या बोटांनी उघडत नाही. पट्टी काढलीत तुम्ही. रबर तेवढं हिच्याकडून घालून घेतलंत. आधी दिरावर ढकलायचं, ते नाही जमलं तर पोटच्या पोरीवर. मग तीच पट्टी नवऱ्याच्या हाताशी लावून दिलीत, आणि वर 'टेका' म्हणालात. तो मुलीला घेऊन वेगळा होणार होता ना?"

"माझी पोर नेत होता," बायको शांतपणे म्हणाली. "माझी."

शिपायांनी तिला उठवलं. दारापाशी ती लेकीच्या कानाशी वाकली. बाई धावल्या, पण तोवर तिचं बोलून झालं होतं.

"तुझं रबर तुटलं, म्हणून बाबा पडले."

पोरीनं थोडा विचार केला. मग वेणीचं उरलेलं रबर ओढून काढलं आणि बाईंच्या हातावर ठेवलं.

"हे घाला बाबांना. हे नवीन आहे, घट्ट बसेल."