यिन म्याने मागितलेले नऊ दिवस

“यंदा सणात मी चूल पेटवणार नाही.”

यिन म्या हे इतक्या हळू आवाजात म्हणाली, की ते तिच्याच तोंडून आलंय हे क्षणभर कुणाला उमगलंच नाही! दुकानातली शेवटची गिऱ्हाइकं नुकतीच उठून गेली होती, रिकाम्या वाडग्यांच्या तळाशी मोहिंग्याचा, त्या मासे-शेवयांच्या न्याहारीचा, पिवळसर रस्सा वाळत होता, बाहेर मंडालेच्या त्या अरुंद गल्लीत पाण्याच्या सणाचा मांडव उभारायला पोरं बांबू ओढत होती... आणि धाकटा भाऊ टे लिन बाकावर पाय पसरून, यंदाच्या अन्नदानाला गेल्या वर्षीपेक्षा मोठं पातेलं आणायचं, असा बेत मोठ्या उत्साहाने सांगत होता.

“म्हणजे? गॅसवर करायचं म्हणतेस?” तो म्हणाला.

“नाही रे. करायचंच नाही म्हणते. मी सगाइंगच्या टेकडीवर जाते, भिक्षुणींच्या मठात. नऊ दिवस. मुंडण करून, गुलाबी वस्त्रं नेसून... नुसती बसणार आहे.”

वाडगे गोळा करणारी भावजय सु मों फिसकन हसली. “बसायचंच तर इथे बसा की, ममा! बाक काय कुणी उचलून नेलाय?”

ममा म्हणजे थोरली बहीण. यिन म्याला घरात ममा म्हणत, गल्लीत ममा म्हणत, तिच्याहून वयाने मोठे रिक्षावालेसुद्धा ‘ममा, जरा रस्सा वाढ’ म्हणूनच वाडगा पुढे करत. तिला स्वतःचं असं एक नाव आहे, हे बहुधा ती एकटीच लक्षात ठेवून होती.

“लोक मठात पुण्य जोडायला जातात,” टे लिनचा आवाज चढला. “इथे अख्खी गल्ली जेवू घालायचं पुण्य दारात चालून आलंय, ते टाकून तू तिकडे काय, झोपायला निघालीस?”

“हो,” यिन म्या म्हणाली. “झोपायलाच.”

आणि बोलून गेल्यावर तिची तीच दचकली!

वडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. त्याच उन्हाळ्यात मैत्रिणींबरोबर मठात जायचं तिचं ठरलं होतं, पण अमे, तिची आई, दुकानाच्या थंड चुलीपाशी बसून हुंदके देत म्हणाली होती, “तू गेलीस तर या पोराच्या तोंडात घास कोण घालणार गं?” आणि यिन म्याने बांधलेलं गाठोडं सोडून ठेवलं होतं... त्यानंतर सोन्याचा वर्ख कुटणाऱ्या कारागिराचा शांत डोळ्यांचा मुलगा दोन पावसाळे तिची वाट पाहून परत गेला, टे लिन शिकला, कामाला लागला, त्याचं लग्न झालं, आणि रोज पहाटेच्या अंधारात मासे उकडायचे, काटे काढायचे, केळीचा गाभा चिरायचा, गवती चहाच्या जुड्या ठेचायच्या, हे मात्र तसंच चालत राहिलं. सणात तर विचारूच नका! मांडवातल्या भोंग्यावरून ‘दानकर्ते ऊ टे लिन आणि परिवार’ अशी, नावाआधी मानाचा ‘ऊ’ लावून, ललकारी उठे, लोक हात जोडून ‘साधू, साधू, साधू’ म्हणत दानाला अनुमोदन देत, आणि मागे धुरात उभी असलेली यिन म्या डोळे पुशीत रस्सा ढवळत राही. तिला कधी वाईट वाटलं नव्हतं, खरंच नव्हतं. उलट भावाचं नाव ऐकून तिचं अंतःकरण भरून येई. पण गेल्या महिन्यात एका पहाटे माशाचे काटे काढता काढता ती थांबली, आणि तिला कळेचना, की आपण झोपून उठलो आहोत की अजून झोपायचंच राहिलंय...

आतल्या खोलीत बाजेवर अमे पडून होती. भिंतीपलीकडचं सगळं तिने ऐकलं होतं.

“अमे, मी जाऊ?” यिन म्या तिच्या पायाशी बसून म्हणाली.

बाजूच्या गल्लीतली एक अविवाहित लेक अशीच सणापुरती गेली होती, केस उतरवले, गुलाबी वस्त्रं नेसली आणि पुन्हा घराचा उंबरा तिने ओलांडला नाही. आपल्या या एकट्या लेकीला धरून ठेवायला इथे आहे तरी काय, हा विचार त्या म्हाताऱ्या काळजाला जाळत गेला असावा... अमेने भिंतीकडे तोंड फिरवलं.

यिन म्या तरीही निघाली. पण जाताना तिने भाजलेल्या तांदळाचं पीठ डब्यात भरून ठेवलं, गवती चहाच्या जुड्या बांधून ठेवल्या आणि अमेच्या औषधांची वेळ सु मोंला दोनदा समजावली. “जाताय ना, मग जा की आता!” सु मों वैतागून म्हणाली.

टेकडीवरच्या मठाची प्रमुख सयाले, म्हणजे भिक्षुणी, उत्तरा; वाळक्या चिंचेसारखी कृश, पण आवाज खणखणीत! तिने पहिलाच प्रश्न विचारला, “घरून परवानगी आहे?”

“मागितली होती, सयाले.”

“मिळाली?”

यिन म्याने मान खाली घातली.

“मग मुंडण नाही व्हायचं. तू एकोणीसची अस नाहीतर साठीची, आई आहे तोवर तिचा होकार लागतो. तपकिरी वस्त्रं नेस आणि साधकांत बस. केसांना काय, ते काही जड होत नाहीत.”

जड होत नाहीत! यिन म्याला वाटलं, या बाईला काय सांगावं, की त्या केसांत किती वर्षांचा धूर साचलाय...

ध्यानाची घंटा झाली. सगळ्याजणी डोळे मिटून बसल्या. यिन म्याही बसली. पण डोळे मिटले की तिला पातेलं दिसे, रस्सा उतू जाताना दिसे, अमेचा पाण्याचा पेला रिकामा दिसे. थोड्या वेळाने ती गुपचूप उठली. सयाले उत्तरा तिला शोधत आली, तेव्हा ती मठाच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून कांदे चिरत होती, आणि समोर चिरलेल्या कांद्यांचा डोंगर झाला होता.

“कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही, सयाले. रिकामं बसवेना.”

“अगं बाई, इथेही कामावरच आलीस होय!” सयालेने तिच्या हातातली सुरी हळूच काढून घेतली. “तू कांदा चिरला नाहीस, तर आज आम्ही बिनकांद्याचं जेवू. त्यात काय मोठंसं? काम करायला तुला कुणाची परवानगी लागत नाही, आणि टेकायला मात्र साऱ्या जगाची लागते!”

यिन म्याला हसू आलं, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. कांद्याच्या निमित्ताने ती रडली, ओक्साबोक्शी रडली! तिला वाटत होतं, आपल्याला कुणी कधी काम करायला लावलंच नाही, आपणच धावत गेलो... आणि कुणी ‘बस गं’ म्हणालं नाही, तेही आपल्याला कधी टोचलं नाही. ते आज, या परक्या स्वयंपाकघरात टोचत होतं.

सयालेने तिला चटईवर निजवलं. झोप मात्र आली नाही. दुपार उलटे, वारा सुटे, खाली इरावती चमके, आणि यिन म्या डोळे मिटून पडल्या पडल्या अमेच्या भिंतीकडे वळलेल्या पाठीकडे पाहत राही. परवानगीवाचून घेतलेली विश्रांती अंगाला लागतच नव्हती.

सण भरात आला असताना एका सकाळी मठाच्या फाटकाशी एक पिकअप थांबली. वाटेतल्या प्रत्येक गावाने सणाच्या पाण्याच्या बादल्या अंगावर रिकाम्या केल्यामुळे आतली माणसं नखशिखांत भिजलेली! टे लिनने अमेला पाठुंगळी घेतलं होतं, आणि सु मों तिच्या डोक्यावर निरुपयोगी छत्री धरून मागून येत होती.

यिन म्या घाबरून उठली. “काय झालं? अमेला बरं नाही का?”

“मला काय धाड भरलीय!” अमे म्हणाली.

टे लिनने तिला ओट्यावर टेकवलं आणि तो तसाच बहिणीसमोर गुडघ्यांवर बसला. त्याच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा लालभडक पट्टा होता.

“मी केलं, ममा,” तो म्हणाला. “तू नाहीस म्हणून काही अडत नाही, हे दाखवायचं होतं मला. मासे उकडले, काटे काढले... दिवस उगवेपर्यंत माझे हात बधिर झाले. रस्सा तळाला लागला. लोकांनी खाल्ला, कुणी नावं ठेवली नाहीत, नुसते विचारत राहिले, ममा कुठेय? ममा आजारी आहे का? आणि तेवढ्यात भोंग्यावर माझं नाव पुकारलं. दरवर्षी छाती फुगायची गं माझी... यंदा वाटलं, मांडवाखालची जमीन फाटावी! मी एक दिवस केलं, ममा. एकच दिवस!”

“केवढं भाजलंय रे! थांब, हळद आणते...” यिन म्या उठलीसुद्धा.

“बस खाली!” अमे कडाडली.

यिन म्या मटकन खाली बसली. अमेचा सुरकुतलेला हात पुढे आला आणि लेकीच्या गालावर स्थिरावला.

“भिंतीकडे तोंड करून निजले ना मी, ते रागाने नव्हे गं. भ्याले! तू केस उतरवशील आणि परत येणार नाहीस, म्हणून भ्याले. तुझे वडील गेले तेव्हाही भ्याले होते, आणि माझं भय तुझ्या गळ्यात बांधलं... दे म्हणशील तर आज परवानगी देते. नऊ दिवसांची दे म्हण, नाहीतर जन्माची. परत आली नाहीस, तरी माझा होकार आहे!”

“अमे!” यिन म्याने तिच्या मांडीत डोकं खुपसलं. “येईन गं मी. चूलसुद्धा पेटवीन. कुणी जेवून तृप्त झालं की मला आवडतं, खरंच आवडतं. पण यापुढे पौर्णिमा, अमावास्या, दोन्ही अष्टम्या, दर उपोसथाच्या व्रताला दुकान बंद. त्या दिवशी मी कुणाची ममा नाही.”

“बंद,” टे लिन म्हणाला.

“आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या?” सु मोंने भिजलेली लुंगी पिळत नाक ओढलं. “त्या मी खाते. एवढी वर्षं रस्सा आयता खाल्ला, आता जरा शिव्याही पचवीन.”

सयाले उत्तरा दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. तिने वस्तरा मागवला.

झाडाखाली यिन म्या पाट घेऊन बसली. पांढऱ्याशुभ्र कापडाचं एक टोक अमेने धरलं, दुसरं टे लिनने; उतरणारे केस जमिनीवर पडू द्यायचे नसतात. पहिली बट कापडावर पडली, आणि टे लिन तिच्याकडे पाहतच राहिला. सदैव पंचा गुंडाळलेल्या त्या डोक्यावरचे केस बहुतेक सगळे पिकले होते! केव्हा पिकले? रोज तिच्या हातचं खात होता तो... कधी मान वर करून पाहिलंच नाही!

वस्तरा हलके हलके फिरत होता, सयाले संथ स्वरात पाठ म्हणत होती, पानांतून गार झुळूक येत होती. अर्धं डोकं झालं असेल-नसेल, आणि यिन म्याची मान जराशी कलली.

“ममा?” सु मों घाबरून पुढे झाली.

सयालेने ओठांवर बोट ठेवलं.

यिन म्या झोपली होती. बसल्या जागी, अर्धं डोकं उतरलेलं, तोंड लहान मुलासारखं किंचित उघडं... इतकी गाढ, इतकी निश्चिंत, की तिच्या श्वासाचा आवाज ओट्यापर्यंत ऐकू येत होता. सयालेने पाठ थांबवला, वस्तरा मिटला आणि ती शेजारच्या पायरीवर निवांत टेकली.

ऊन सरकत गेलं. अमेचे हात दुखू लागले, तेव्हा सु मोंने तिच्या हातातलं टोक आपल्याकडे घेतलं. टे लिनचे दंड भरून आले, भाजलेलं मनगट ठणकायला लागलं, बोटं कापू लागली. पण त्याने कापड तसूभरही खाली येऊ दिलं नाही.