नऊ नंबरचा कॉम्प्युटर

दिघाशीहून धामणकर नाक्याला यायला माधवीला दोनदा गाडी बदलावी लागे. कॉलेजात जागा पुरेना म्हणून बी.एस्सी. आय.टी.च्या पहिल्या वर्षाची लॅब नाक्याजवळच्या एका इमारतीत, भाड्याच्या पहिल्या मजल्यावर नेली होती. खाली कापड विणायचे लूम चालत. दिवसभर लादी थरथरे आणि टेबलावरचा माऊस हात न लावता बोटभर सरके. तिसऱ्या दिवसापासून मुलांना त्याचं काही वाटेनासं झालं.

मंगळवारी प्रॅक्टिकल असे. रोल नंबरप्रमाणे माधवीच्या वाट्याला नऊ नंबरचा कॉम्प्युटर आला होता. सप्टेंबरात पहिल्यांदा माऊस धरला तेव्हा तिच्या तळहाताला घाम सुटला होता. आता मात्र ती प्रोग्राम लिहायला लागली होती. मॅडमनी ए, बी, सी म्हटलं तरी ती आपल्या आकड्यांना घरच्यांची नावं देई : आई, बाबा, दादा. मग कुठे काय ठेवलंय ते तिला विसरायला होत नसे.

१८ जानेवारी २००५. या सत्रातलं तिसरं प्रॅक्टिकल संपवून तिनं आपलं फोल्डर उघडलं, तर आत सहा फाइली. तीन तिच्या. उरलेल्या तिन्हींवर पुढच्या तीन मंगळवारांच्या तारखा होत्या : पंचवीस जानेवारी, एक फेब्रुवारी, आठ फेब्रुवारी.

क्षितिजा मॅडम खुर्चीमागून वाकल्या. "आतला सेल गेला असेल गं. सेल गेला की तारीख हुकते."

माधवीला ते पटलं. फक्त पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ अगदी बरोबर होतं. एवढी एक गोष्ट तिनं मनातच ठेवली.

पुढच्या मंगळवारी मॅडमनी नवा प्रोग्राम दिला : तीन आकड्यांतला सगळ्यात मोठा शोधायचा. माधवीनं पंचवीस तारखेची फाइल उघडली. तोच प्रोग्राम तिथं पूर्ण लिहिलेला होता. आकड्यांची नावं आई, बाबा, दादा. चौथ्या ओळीत अर्धविराम राहिला होता, तिचा नेहमी राहायचा तसा.

"मृणाली, माझ्या मशीनवर कोण बसतं गं?" तिनं शेजारच्या मुलीला विचारलं.

"कोण बसणार? एरवी लॅब बंदच असते. चावी हिरामणमामांकडे."

हिरामणमामा लॅबचे शिपाई. ते म्हणाले, "पोरी, तुमच्याशिवाय हितं कोन येत न्हाय."

एक तारखेला तेच झालं. आठ तारखेलाही तेच. त्या दिवशी घरी जाताना रिक्षात माधवीच्या ध्यानात आलं. जर्नलात प्रॅक्टिकलं दहा होती. फाइली आठ तारखेला संपल्या होत्या. पंधराची फाइलच नव्हती.

आठवडाभर तिच्या घशाखाली घास उतरेना. रस्ता ओलांडताना ती दोनदा थांबे. सोमवारी आई, रंगूबाई, भांडी घासता घासता म्हणाली, "काय झालंय तुला? बरं वाटत न्हाय तर उद्या नको जाऊ."

"प्रॅक्टिकल हाय आई. एक चुकलं तर जर्नलवर सही न्हाय, सही न्हाय तर परीक्षा न्हाय."

बाप पूर्णा गावातल्या गोदामात पोती उचलून तिची फी भरत होता. ती गेली.

लॅबच्या दारात मात्र तिचे पाय अडले. "मॅडम, मी नऊवर बसणार नाही. दुसऱ्या कुणालाही बसवू नका."

"का?"

"ती मशीन पुढच्या मंगळवारचं लिहिते. आजचं लिहिलेलं नाहीये."

मागं भावेश फिस्सकन हसला. मॅडमच्या कपाळाला आठी पडली. पण माधवीच्या हातातली वही थरथरत होती, आणि ती लूममुळे नाही, हे त्यांनी पाहिलं.

"बरं. मृणालीजवळ खुर्ची घे. एका मशीनवर दोघी करा."

नऊ नंबर रिकामा राहिला. पडदा चालू होता.

अकरा वाजून वीस मिनिटं झाली.

वरून आधी वाळूसारखं काही सांडलं.

मग छताचा पलंगाएवढा तुकडा, लोखंडी सळ्यांसकट, नऊ नंबरवर आला. पडदा फुटला. खुर्चीची पाठ मोडून जमिनीला टेकली.

पांढऱ्या धुळीत कुणाला कुणी दिसेना. सगळी खोकत, एकमेकांचे हात धरून जिन्याखाली आली. मॅडमनी रस्त्यावर डोकी मोजली. सगळी होती. कुणाला ओरखडाही नव्हता. भावेश रडत होता आणि हसतही होता. मॅडमनी माधवीला भर नाक्यावर मिठीत घेतलं. "पोरी, पोरी," एवढंच त्या म्हणत राहिल्या.

माधवीच्या छातीवरचा धोंडा उतरला. संपणार होती ती मशीन, ती स्वतः नव्हे. त्या रात्री ती चार भाकऱ्या जेवली. आईनं कानशिलावर बोटं मोडली. प्रॅक्टिकल पुन्हा घेऊ, सह्या सगळ्यांना मिळतील, असं मॅडमनी कळवलं. तिला वाटलं, आपण आत्ता कुठे श्वास घ्यायला लागलो.

शुक्रवारी ती दप्तर आणायला गेली. लॅबला मंगळवारपासून कुलूप होतं. वीज तोडलेली होती. हिरामणमामांनी दार उघडलं आणि ते बाहेरच थांबले.

आत सगळ्यावर धुळीचा जाड थर बसला होता. लादीवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. तिनं दप्तर उचललं, झटकलं, आणि निघताना नऊ नंबरकडे पाहिलं.

काळा कीबोर्ड मोडला नव्हता. तोही पांढरा झाला होता. फक्त सहा बटणं स्वच्छ होती, बोटांनी पुसल्यासारखी काळी. एम. ए. डी. एच. व्ही. आय.

या सहा अक्षरांत दुसऱ्या कुणाचं नाव बसतं का, ते माधवी दप्तर छातीशी धरून बराच वेळ जुळवून पाहत राहिली.