घर हललं, झाड नाही

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मागच्या हिवाळ्यातल्या एका रविवारी, भर दुपारी हे घडलं. माझ्या डोळ्यांदेखत.

माझी ताई संग्रहालयात जुन्या फोटोंच्या काचा साफ करते. पूर्वी फोटो काचेवर निघायचे. कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा लागायचा. त्यामुळे इमारती रेखीव यायच्या आणि वाऱ्याने हलणारी झाडं पुसट.

एका काचेवर मात्र उलटं होतं...

तळ्याकाठी दगडी घर, शेजारी झाड. झाडाचं पान न् पान स्पष्ट.

घर पुसट. हलल्यासारखं.

"काच खराब असेल," भाऊजी म्हणाले.

"मग झाड कसं नीट आलं?"

ताईने ध्यास घेतला. घर अजून उभं होतं. आम्ही तिघं गेलो.

"गाडी चालवून पाठीचा पार खुळखुळा झाला," म्हणत भाऊजी पायरीवर बसले. भिंतीला पाठ टेकली. ताई कॅमेरा लावू लागली.

वारा जोराचा होता. माझा शर्ट फडफडत होता.

झाडाचं एकही पान हलत नव्हतं...

पाखरू नाही. किडा नाही.

मग भिंतीतून आवाज आला... ओझं उचलताना हमाल कण्हतो, तसा.

"अहो, उठा तिथून!" ताई ओरडली.

भाऊजी हलले नाहीत. चेहरा घामाने निथळत होता.

"ओढू नका रे. मी उठलो तर हे पडेल."

आम्ही दोघांनी त्यांना ओढून गाडीत घातलं. घर पडलं नाही.

पण त्या दिवसापासून भाऊजी आडवे झाले नाहीत.

घरी खोलीच्या भिंतीला पाठ लावून उभे. जेवण उभ्याने. झोप नाहीच. डॉक्टर झाले, औषधं झाली. पंखा जोरात फिरतो, पण त्या खोलीतला पडदा हलत नाही...

"दमलो गं," एवढंच म्हणायचे. "जरा वेळ कुणीतरी धरा."

काल सकाळी ताईचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"हे झोपलेत रे. किती दिवसांनी घोरतायत."

माझ्या जिवात जीव आला. "मग तूही पड की जरा."



"मला कसं पडता येईल?" म्हणाली. "मी भिंतीशी उभी आहे."

पाठचा भाऊ आहे मी. जायला हवं, कळतंय.

पाय उचलत नाही...