पिवळ्या पडलेल्या काचा

सोमवारी सकाळी समाधानने प्रयोगशाळेतलं, ओल शिरू न देणारं कोरडं कपाट उघडलं. शनिवारी काळ्याकुळकुळीत असलेल्या साऱ्या काचा पिवळ्या पडल्या होत्या.

धुळ्यात, देवपूरच्या कॉलेजात, या काचांवर पेरोव्स्काइटचा लेप बसवण्यात त्याने उमेदीची वर्षं घातली होती. उन्हातून वीज काढणारा हा लेप ओल लागली की मरतो. दुपारी संशोधनाला पैसा देणारी समिती काचा बघायला येणार होती.

"मे महिन्यात, बंद कपाटात, ओल?" विभागप्रमुख बन्सीलाल सर कडाडले. "लेपच कच्चा! आजवरचे आकडे याने घरी बसून रचलेत. समितीला सांगून प्रकल्पातून याचं नावच काढतो."

काचा तपासायला जळगावहून आलेल्या जीनत मॅडमना असल्या घाईची भारी चीड. त्यांनी कपाटात वाकून पाहिलं. ओल शोषून गुलाबी होणारे खडे अजून निळेच होते. मग एक काच उलटी केली. पाठीवर पांढरे, खरखरीत ठिपके होते.

"किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे आणि सरांकडे," समाधान म्हणाला. "मी काल एरंडोलला होतो, बहिणीच्या हळदीला."

"आणि सर, तुम्ही?"

"रविवारी मी इकडे फिरकत नाही."

मॅडम तडक सरांच्या केबिनमध्ये शिरल्या. दोघं मागोमाग आले. कूलरच्या जाळीवर तसेच पांढरे ठिपके होते. टेबलावर आंब्याचा चिकट डाग होता.

"काचा कपाटात बिघडल्या असत्या तर खडे गुलाबी झाले असते," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे त्या बाहेर काढल्या होत्या. या दिवसांत धुळ्यात ओली हवा मिळते ती कूलरसमोर. इथल्या जड पाण्याचे शिंतोडे वाळले की असे ठिपके उरतात. काल काचा तुम्ही इथे आणल्यात, सर. बिघडल्यावर गुपचूप परत ठेवल्यात."

"पुरावा काय?" सर हसले.

"तो राहू द्या. इथे आंबे कोणी खाल्ले ते सांगा. काचांवरचा हा पिवळा थर शिशाचा आहे. विषारी. हाताला लागला की आंब्याबरोबर पोटात जातो."

सरांचं हसू विरलं. "पाहुण्यांना काचा माझ्या म्हणून दाखवायच्या होत्या... नात बरोबर होती. तिने हातात घेतल्या." त्यांनी लगेच सुनेला फोन लावला. "दिपमाला, पोरीना हात धोई टाक पहिले! तिले दवाखानामा लई जानं शे!"

समाधानचा राग गेला नव्हता. तरी त्याने गाडीची किल्ली काढली.

"चला सर, मी सोडतो. मागे बसून समितीला फोन लावा. काय झालं ते तुमच्याच तोंडून ऐकू द्या त्यांना."