सुक्या गाळातली बोट

हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही. तेवढी ताकदही आता राहिली नाही. जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं, एवढंच.

तारीख १४ मे २०२४, मंगळवार. इंझोरीकडचं धरण.

आणि रात्र नव्हती... दुपार कलायला लागली होती, साडेचार वाजले असतील.

मी उज्ज्वला. कामरगावात माझं बॅटरी-इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान आहे. त्या दिवशी सकाळपासून तीन गावं करून आले होते. पाठ नुसती ठणकत होती. तेवढ्यात मोहनसिंग काकांचा फोन आला.

"बाई, बॅटरी पुन्हा मेली."

महिन्यातली ही तिसरी वेळ.

काकांनी बत्तीस वर्षं जहाजावर नोकरी केली. निवृत्त झाल्यावर मुंबईहून ट्रकवर घालून एक जुनी शिडाची बोट आणली. लोक हसले. पण काका रोज संध्याकाळी धरणात शीड उघडून फिरायचे. दिवाळीनंतर मात्र ते बंद झालं. काका बोटीतच राहायला गेले.

मे महिन्यात धरण आटलं होतं. बोट भेगाळलेल्या गाळात, दोन्ही बाजूंनी जुने टायर लावून उभी होती. पाणी तिथून शंभर पावलं लांब.

काकांचे डोळे खोल गेले होते. कधी झोपले होते कोण जाणे.

मी दुकानातली चार्ज केलेली बॅटरी जोडली आणि तपासायला बसले.

टपावरचं सोलर पॅनल... एकोणीस व्होल्ट. ठीक.

चार्जर... चौदा. ठीक.

वायरी, जोड, सगळं हलवून पाहिलं. ठीक.

"काका, चार्जिंगमंदी काही खराबी नाई. काहीतरी करंट खाऊन राह्यलं."



मग एकेक फ्यूज काढून पाहिला. दिव्याचा. पंख्याचा. रेडिओचा. मीटरवरचा आकडा हलला नाही.

शेवटचा फ्यूज तळातल्या पंपाचा होता. बोटीत पाणी शिरलं की हा पंप आपोआप चालू होतो आणि ते बाहेर फेकतो.

मी कान दिला...

पंप चालू होता.

कोरड्या जमिनीवर.

स्विच अडकला असेल, असं वाटलं. बाहेर वाकून पाहिलं. पंपाच्या नळीतून पाणी पडत होतं. धार बारीक, पण सलग. आणि नळीखाली, त्या तडकलेल्या गाळात, वीतभर हिरवं गवत उगवलं होतं.

मी धारेखाली हात धरला. मे महिन्यात... बर्फासारखं गार.

"काका, हे पाणी कुठून येऊन राह्यलं?"

"धरणातूनच," काका म्हणाले. धरणाकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

मग सांगायला लागले. इंझोरीचा पुंजाजी, मासे धरणारा. रोज संध्याकाळी त्यांच्यासोबत बोटीवर असायचा. दिवाळीनंतर एकदा अचानक वारा सुटला आणि बोटीत पाणी भरलं.

"चार्जिंगची वायर तुटली होती. मले चार दिवसांपासून माहीत होतं. उद्या पाहू, उद्या पाहू करत राह्यलो. पंप चाललाच नाई. मी शीड उतरवून राह्यलो होतो, तो बादलीनं पाणी उपसून राह्यला होता. मांगं पाह्यलं, त बादली होती. पुंजाजी नोता."

मी हातातलं मीटर खाली ठेवलं.

"तवापासून दिवस कलला की पाणी येते. बॅटरी हाये तोवर पंप. मंग मी बादलीनं, सकाळ होईपर्यंत. सहा महिने झाले, बाई. थांबलो त काय होईन, म्हनून थांबलोच नाई."

त्यांनी हात पुढे केले. तळहातावर घट्टेच घट्टे.

"मोठी बॅटरी लावून देऊ का?"

"नको. थो फ्यूज काढ. माह्या हातानं होत नाई. थकलो मी."

मी तेव्हाच उठून जायला हवं होतं. पण मीही दमले होते. आणि त्या माणसाकडे पाहवत नव्हतं.

मी फ्यूज काढला.

पंप थांबला. सगळंच थांबलं. वारा नाही, पाखरू नाही...

मग फळ्यांखालून आवाज आला. बुडबुड... बुडबुड...

पाणी वर आलं. माझे घोटे बुडाले.

आणि बोट डावीकडे झुकली.

पाण्यातला माणूस काठ धरून वर चढतो, तेव्हा झुकते ना... अगदी तशी. खालचा टायर करकरला.

काका बाकावर थोडे सरकले. बाजूला जागा केली.

"ये," म्हणाले. "बस."

बोट हळूच सरळ झाली. पाणी तिथेच थांबलं.



"जा बाई तू," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "आता आमी बोलतो."

मी उडी मारली. सामान तिथेच टाकून गाडीपर्यंत पळाले. एकदाच मागे पाहिलं. काका रिकाम्या बाकाकडे तोंड करून बोलत होते. मधेच थांबत होते... ऐकल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांचा फोन आला. आवाज मोकळा होता.

"बॅटरी फुल हाये. बोटीत एक थेंब नाई. रातभर झोपलो, बाई."

मला रडूच आलं. चला, सुटला बिचारा, असं वाटलं.

मग ते म्हणाले, "पुंजाजी इचारत होता... फ्यूज कोनं काढला म्हनून."

"तुमी काय सांगतलं?"

"तुहं नाव सांगतलं. दुकान कुठं हाये, थेही."

"रागानं इचारत होता का?"



"समजलं नाई, बाई. त्याच्या आवाजात पाणी भरलं होतं."

पावसाळ्यात बोट पुन्हा पाण्यावर आली. काका शीड लावून फिरतात म्हणे. लोक सांगतात, एकटेच असतात, पण बोट दोघं बसल्यासारखी चालते.

मी खात्री करायला गेले नाही. काम चालू आहे, पोट आहे. फक्त आता दिवस कलायच्या आत शटर ओढते. आणि बंद दुकानातून कुणी हाक मारली तरी... मागे वळत नाही.